सैल हाताचा माणूस

५ मार्च, शनिवार

आज ह्यांच्या खुर्चीवर बसले. गॅरेजच्या वरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. सव्वीस वर्षं हे दर शनिवारी दोन ते पाच त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसत होते आणि घरी येऊन कधी बोलले नाहीत.

मास्तर तीन आठवडे मागे लागले होते. "वहिनी, तिघांत पोकर होत नाही, नुसती वादावादी होते. एकदा या. नाही आवडलं तर चहा पिऊन जा." मास्तरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहेत. दुसरे डॉक्टर, जनावरांचे. तिसरे भाऊजी. सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे गॅरेजमधले भागीदार. पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना भाऊजीच म्हणत आले.

पैसे लावत नाहीत. वायसर लावतात. छोटा वायसर म्हणजे एक, मोठा म्हणजे पाच, नट म्हणजे पंचवीस. महिनाअखेरीस ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याने बाकीच्यांना जेवायला घालायचं. खेळ साधा आहे. प्रत्येकाला पाच पत्ते. नको असतील ते एकदा बदलून घ्यायचे. मग कुणीतरी वायसर पुढे सारतो. उरलेल्यांनी तेवढेच पुढे सारून त्याचे पत्ते बघायचे, नाहीतर आपले टाकून गप्प बसायचं. मास्तर बघण्याला कॉल करणं म्हणतात, डॉक्टर नुसतं "बघतो" म्हणतात.

मास्तर म्हणाले, घरी जाऊन वहीत लिहीत चला. कुणी काय लावलं, हातात काय निघालं. म्हणून ही वही आणली. पहिल्याच पानावर खुर्चीचा पाय आला. पुढचं काय होईल ते दिसतंच आहे.

६ मार्च, रविवार

काल मी हसले होते. डॉक्टरांनी म्हशीचा किस्सा सांगितला तेव्हा मोठ्याने हसले. जिन्यावरून उतरताना खालच्या त्या जागेकडे मात्र बघवलं नाही. फरशीवरचे तेलाचे डाग सगळीकडे सारखेच असतात, म्हणे. बघितलंच नाही तर मला काय कळणार?

१२ मार्च, शनिवार

मास्तरांचा धडा: सैल खेळाडू. म्हणजे हातात काही असो नसो, ज्याला डाव सोडवत नाही असा माणूस. "सैल खेळाडूला हूल द्यायला जाऊ नका, तो हमखास बघतो. आणि त्याने वायसर लावले म्हणून घाबरू नका. बरा हात असेल तर बेलाशक बघा. दहातल्या सहा वेळा त्याच्याकडे काही नसतं." हे सगळं भाऊजींच्या देखत. भाऊजी हसले. "मास्तर, माझी जाहिरात थांबवा."

मला हा प्रकार ओळखीचा वाटला. माझं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात नंबर काढण्यात गेलं. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसली की काही लोक सरळ "नाही दिसत" म्हणतात. काही डोळे बारीक करतात. आणि काही असतात ते ठोकून देतात, एका दमात, छाती काढून. भाऊजी त्यातले.

आज मी जिंकले. वायसरांनी पर्स जड झाली, शेवटी डॉक्टरांनी आठवण करून दिली की ते तिथेच ठेवायचे असतात.

१७ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, रोज रात्री जेवलीस का विचारते. आज तिला शनिवारचं सांगितलं. मग म्हणाली, "आई, त्याच इमारतीत? बाबा जिथे... आणि वर बसून तुम्ही पत्ते?"

मी म्हटलं, बाबा पण तिथेच बसायचे.

"बाबांची गोष्ट वेगळी." मग जरा वेळाने, "मला अजून त्यांचा राग येतो गं. घोडी लावायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं?"

गाडी जॅकने उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या आणि मगच माणसाने खाली शिरायचं. हे आमच्या घरात लेकीला चौथीत असताना माहीत होतं. ह्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही घोडीशिवाय पाठ टेकवली नव्हती. त्या दिवशी टेकवली. अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी निरीक्षकांनी तसंच लिहिलं: मयताचा निष्काळजीपणा.

लेकीला राग येतो. मला येत नाही. तो का येत नाही, ते मला ठाऊक आहे. पण तिला सांगायची छाती होत नाही.

२६ मार्च, शनिवार

महिनाअखेर. सगळ्यात जास्त वायसर माझ्याकडे, सगळ्यात कमी भाऊजींकडे. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला काहीतरी आहे. इतकी वर्षं कुठे लपला होतात?" मी खुलले. पन्नाशी उलटलेल्या बाईने खुलावं तेवढीच खुलले, पण खुलले.

जेवताना ह्यांचा विषय निघाला. भाऊजी म्हणाले, "मी पुढच्या बाजूला होतो, त्या व्हॅनवाल्याशी बोलत. आवाज आला तेव्हा धावलो." दहाव्या दिवशी घरी बसायला आले होते तेव्हा मला म्हणाले होते की ते सुट्टे भाग आणायला बाजारात गेले होते. माणसाचं डोकं अशा दिवशी काय काय गाळतं आणि काय काय घालतं! मला स्वतःला त्या दिवशीची संध्याकाळ आठवतच नाही.

९ एप्रिल, शनिवार

आज बोलून बसले. सात महिने जे लेकीला, बहिणीला, कुणालाच सांगितलं नाही, ते पत्त्यांच्या टेबलावर तीन पुरुषांपुढे बोलले.

निमित्त काहीच नव्हतं. मास्तर पत्ते पिसत होते आणि सहज म्हणाले, "तो असा विसरणारा नव्हता हो. कोडंच आहे." मी म्हटलं, कोडं नाही. आणि मग थांबता आलं नाही.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. भांडण म्हणजे मीच भांडत होते. स्वयंपाकघरातला नळ चार दिवस गळत होता. त्या सकाळी मी ओल्यावरून घसरले, कोपर आपटलं, आणि तोंडाचा पट्टा सुटला. जगाच्या गाड्या दुरुस्त करता आणि घरातला एक नळ होत नाही. तुमचा ह्या घराला उपयोग तरी काय? हे शेवटचं वाक्य. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि गेले. डबासुद्धा टेबलावर राहिला. साडेअकराला फोन आला.

"त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं," मी म्हटलं. "माझं बोलणं डोक्यात घेऊन ते गाडीखाली शिरले. घोडी राहिली ती माझ्यामुळे."

डॉक्टर म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नका. मास्तरांनी पत्ते खाली ठेवले. भाऊजी उठले आणि खाली गेले. खालच्या बेसिनचा नळ सुरू झाला तो कितीतरी वेळ सुरूच होता. परत आले तेव्हा शर्टाचा पुढचा भाग ओला. पोट बिघडलंय म्हणाले. दिसतही होतं तसंच, चेहरा पांढराफटक.

खेळ पुढे झालाच नाही.

१३ एप्रिल, बुधवार

दुपारी भाऊजी दुकानात. मी चकितच झाले. चष्म्याचं नाव काढलं की पळणारा माणूस. म्हणाले, डोळे तपासा. खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली, एकेक भिंग टाकून विचारत गेले, हे स्पष्ट की हे? हे की हे?

"दिसतंय वहिनी. सगळं दिसतंय."

खालची ओळ वाचायला लावली तर खरोखरच बिनचूक वाचली. ह्या वयात कौतुकास्पद नजर. पण डोळ्यांतून सारखं पाणी. मी जवळून बघितलं, लाली होती. गॅरेजमधल्या धुराने होतं. थेंब लिहून दिले, दिवसातून तीनदा.

फ्रेम काढताना ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी..." आणि तेवढ्यात एक बाई दोन पोरं घेऊन आत आल्या, एक पोर काचेच्या कपाटाला लटकलं, माझी तारांबळ उडाली. वळून बघते तर भाऊजी गेलेले. थेंबांची चिठ्ठी तिथेच.

बहुतेक ह्यांच्या हिश्श्याबद्दल बोलायचं असेल. आज ना उद्या ते बोलावं लागणारच. कसं काढावं कळत नसेल बिचाऱ्यांना.

२३ एप्रिल, शनिवार

भाऊजींचा हात आज पार सुटला. तीन वेळा एकही पत्ता न बदलता समोरचे सगळे वायसर पुढे ढकलले. तिन्ही वेळा मी बघितलं, तिन्ही वेळा हातात काही नाही. एकदा तर सगळ्यात मोठा पत्ता नव्वा. ह्याला धाडस म्हणत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "अरे, हरायची एवढी हौस असेल तर माझ्याशी तरी हर."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

मी घरी येऊन वही उघडली आणि पहिल्यापासून मोजत बसले. मास्तर आणि डॉक्टरांशी भाऊजी कधी हरतात, कधी जिंकतात. सैल आहेत, पण वेडे नाहीत. माझ्याशी? आठ शनिवार. मी वायसर लावले आणि त्यांनी बघितलं असे डाव एकतीस. त्यातले एकोणतीस मी जिंकले.

माझ्या हाताला काही नाही. वहीतले आकडे बघून कानाची पाळी तापली.

३० एप्रिल, शनिवार

आज खात्री करून घेतली. हातात काहीच नव्हतं, पाच पत्ते पाच दिशांना. तरी मी नटच्या नट पुढे सारले. मास्तरांनी शिकवलंय, सैल माणसाला हूल देऊ नका, तो बघणारच. मास्तर आणि डॉक्टरांनी पत्ते टाकले. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, आपल्या पत्त्यांकडे बघितलं आणि पत्ते उलटे टाकले. "वहिनींचा डाव."

पत्ते गोळा करायची पाळी माझीच होती. गोळा करताना त्यांचे पाच अलगद तिरके केले. तीन राजे.

तीन राजे टाकले! माझ्यासाठी.

डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. म्हणजे मार्चपासून हे चाललंय. विधवा बाई आहे, जिंकू द्या, दोन घटका हसेल. आणि मी मूर्ख खुलत होते. वही भरत होते.

 डोकं दुखतंय म्हणून निघाले.

७ मे, शनिवार

गेले नाही. चार वाजता मास्तर घरी आले, हातात पेरू. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं ना? ते मला जिंकू देतात ते?"

"लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी पेरू फिरवला हातात. "मला वाटलं, त्याचं त्याला बोलू द्यावं. वहिनी, सैल माणूस सगळ्यांशी सैल असतो. तो फक्त तुमच्याशीच हरतो. आणि नऊ एप्रिलपासून जास्त."

"कीव करतात माझी."

"कीव अशी नसते," मास्तर म्हणाले. "कीव करणारा माणूस खूश दिसतो."

मग पुढच्या शनिवारी यायचं वचन घेऊन गेले. त्यांचं बोलणं डोक्यात बसलं नाही. गणितवाले असेच, शेवटची पायरी गाळतात आणि म्हणतात, स्पष्टच आहे.

१४ मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

दोन वाजता बसलो. पहिला तास मी मुकाट्याने खेळले. भाऊजी खूप वाळलेत, गळपट्टी सैल पडते. साडेतीनच्या सुमारास मला पहिल्या वाटपातच दोन राण्या आल्या. तीन पत्ते बदलले, तिसरी राणी आली. डॉक्टरांनी सुरुवातीलाच पत्ते टाकले होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि तेही बाजूला झाले.

भाऊजींनी एकही पत्ता बदलला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी समोरचा अख्खा ढीग पुढे लोटला. एक नट घरंगळत खाली पडला, तोही वाकून उचलून ढिगावर ठेवला.

आता बघायचं की टाकायचं?

सरळ हिशोबाने, एकही पत्ता न बदलणाऱ्याकडे तयार हात असतो आणि तो माझ्या तीन राण्यांना खातो. पण भाऊजी सैल. तीन वेळा असंच सगळं लावलेलं आणि तिन्ही वेळा फुसकं. मास्तरांचा धडा सांगतो, बघा. माझी वही सांगते, बघा, जिंकलात. मला खात्री होती मी जिंकणार, खुर्चीवर बसलेय ह्याची असावी तितकी. आणि त्याच कारणासाठी हात पुढे जाईना. तो ढीग मी ओढून घेतला की पुन्हा तेच: डॉक्टर वाहवा म्हणणार, भाऊजी मान खाली घालणार, मी घरी येऊन आरशात बघणार. दान घ्यायला मी आले नव्हते.

मी तीन राण्या उताण्या टेबलावर ठेवल्या. "मी टाकले. डाव तुमचा."

"वहिनी!" डॉक्टर ओरडले. "तीन राण्या टाकल्यात?"

भाऊजींना कळेचना. ढीग तिथेच, त्यांचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना. "नाही, नाही. घ्या तुम्ही. बघा तरी माझे पत्ते."

"मला नाही बघायचे."

"माझ्याकडे काही नाहीये वहिनी."

"माहीत आहे मला. म्हणूनच टाकले. भाऊजी, तीन राजे टाकलेत ना मागच्या वेळी? मी बघितले. मला तुमची कीव नको. जिंकलात ते तुमचं आहे. उचला."

ते ढिगाकडे असे बघत होते की जणू तो तापलेला आहे. ओठ हलत होते. मग म्हणाले, "मी कीव करणारा कोण? वहिनी, घोडी मी काढली."

मला वाक्याचा अर्थच लागला नाही. पत्त्यांतलं काहीतरी असेल असं वाटलं.

"त्याने लावल्या होत्या. दोन्ही. मी काढल्या."

मग सलग बोलले, टेबलाकडे बघत. दोन घोड्या वेल्डिंगला गेलेल्या, दोनच शिल्लक. हे खालचं काम आटपून बाहेर आले, हात धुवायला बेसिनपाशी गेले. पुढे व्हॅनवाला घाई करत होता. भाऊजींना वाटलं, काम झालं. त्यांनी घोड्या काढून व्हॅनखाली नेल्या, गाडी नुसत्या जॅकवर. सांगतो त्याला, असं मनात होतं. व्हॅनवाला भाव करत बसला. तेवढ्यात हे एक नट आवळायचा राहिला म्हणून परत खाली शिरले. आपण स्वतः लावलेल्या घोडीकडे माणूस पुन्हा कशाला बघेल?

"लोक जमले, सगळे म्हणायला लागले, घोडी लावली नाही, घोडी लावली नाही. मी नाही म्हणालो नाही. निरीक्षकांनी विचारलं तेव्हाही."

 मी विचारलं, "त्या सकाळी ते कसे होते?"

भाऊजी पहिल्यांदा वर बघून बोलले. "हसत होता. आल्या आल्या म्हणाला, आज बायको चांगलीच तापलीय, खरंच आहे तिचं, संध्याकाळी पाना घेऊनच घरी जातो. पाना काढून ठेवला होता त्याने. पिशवीत."

 मग म्हटलं, "नऊ एप्रिलला मी इथेच बसून सांगितलं की मी त्यांना मारलं. तुम्ही ऐकलंत."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं ते हसत होते."

"हो."

"आणि पाच आठवडे तुम्ही पत्ते वाटत राहिलात."

त्यांनी ढिगाजवळचे हात काढून घेतले. मग म्हणाले, "दर वेळी वाटायचं, तुम्ही बघाल. तुम्ही माझ्याकडे बघाल आणि तुम्हाला कळेल. मग मला बोलावं लागणार नाही." आणि पुढे, "तुम्ही सांगाल ते करतो. आत्ता निघतो निरीक्षकांकडे."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं आणि उठले. जिन्यावर मास्तर मागून आले, त्यांना म्हटलं, मला एकटीला जाऊ द्या.

१५ मे, रविवार

लिहायला लाज वाटते, पण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. काल बसमध्ये बसले तेव्हा सगळ्यात आधी दुःख आलं नाही, राग आला नाही. हायसं वाटलं. इतकं हायसं, की मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. शेजारच्या माणसाने सरकून घेतलं. मी मारलं नाही. ते हसत होते. मी मारलं नाही.

दोन थांबे पुढे गेल्यावर रडले.

१७ मे, मंगळवार

लेक आली. सगळं सांगितलं, नळासकट. तिने आधी मला धरलं. मग उठून येरझाऱ्या घालायला लागली.

"आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ. चल, कपडे बदल."

मी म्हटलं, थांब.

"कशासाठी? तो माणूस आठ महिने बाबांना निष्काळजी ठरवून फिरतोय! आणि मी... मी बाबांशी मनात भांडत होते, आई. त्यांच्या फोटोशी बोलायचे नाही मी."

ती चूक नाही. तिला काय सांगू की मला काय हवंय ते मलाच धड माहीत नाही. चूक झाली, ती कुणाच्याही हातून होते. घोडी काढणारा हात आणि सांगायला विसरणारं तोंड माझंही असू शकलं असतं. त्यावर मी कदाचित एक दिवस पाणी सोडेन. पण ते पाच आठवडे? मी जळत होते आणि भाऊजी वायसर सरकवत होते.

त्यांनी आपणहून जावं असं वाटतं. मी ढकललं म्हणून गेले तर पुन्हा मीच केलेलं होईल. आणि नाहीच गेले तर? लेकीने हेच विचारलं. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत बघू. ती म्हणाली, "तू अजून त्याच्याशी पत्ते खेळतेयस, आई." मला राग आला. कारण ते थोडं खरं होतं.

२१ मे, शनिवार

मास्तरांचा फोन. बैठक नाही. गॅरेजला सोमवारपासून कुलूप. भाऊजी घरातून बाहेर पडत नाहीत, जेवत नाहीत, त्यांच्या बायकोने मास्तरांना बोलावून घेतलं. तिलाही काही माहीत नव्हतं. काल कळलं.

"मी त्याला चल म्हणू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. फोन ठेवला. आपण काय करतोय, एका माणसाला किती ताणतोय, असं मनात आलं. मग आठवलं की मला कुणी ताणलं होतं, आणि किती महिने. मग दोन्ही विचार एकदम आले आणि मी जमिनीवरच बसले. लेकीने पाणी दिलं.

२६ मे, गुरुवार

दुपारी बाराला भाऊजी दुकानाच्या दारात. माझ्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, फ्रेम चढवलेली, एक डोळा झाकलेला. माझ्या हातात भिंग.

ते आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वहिनी, लिहून दिलं."

"कधी?"

"आत्ता. तिथूनच येतोय. निरीक्षकांनी तीनदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली देताय का. नाही म्हणालो. चौकशी पुन्हा उघडणार. पोलिसांकडेही पाठवणार." त्यांनी खिशातून कागद काढला. "तुमच्यासाठी नक्कल मागून घेतली."

मी जाऊन कागद घेतला. त्यांचं अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखन त्याहून वाकडं. पण दुसऱ्याच ओळीत होतं: त्याने दोन्ही घोड्या लावलेल्या होत्या. मी ती ओळ तिथे उभ्याउभ्या चार-पाच वेळा वाचली.

"मी आता काय करू, वहिनी?" त्यांनी विचारलं. मोठा माणूस, साठीला टेकलेला, असं विचारत होता.

"मला माहीत नाही, भाऊजी. मला विचारू नका."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रडलेही नाहीत. थोडा वेळ दारातच थांबले. मी काही बोलेन असं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, बोलेन.  शनिवारी या असं म्हणाले नाही, येऊ नका असंही नाही. मग ते पायरी उतरले आणि रस्त्याच्या कडेकडेने चालत गेले.

मी कागदाची घडी करून दुकानातल्या कोटाच्या खिशात घातली आणि खुर्चीपाशी आले. म्हाताऱ्या बाई झाकल्या डोळ्यानेच माझ्याकडे वळल्या होत्या.

"कोण होते गं ते? फार दमलेले दिसत होते."

मी भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

"आमच्या ह्यांचे मित्र," मी म्हटलं. "चला, समोर बघा. हे स्पष्ट, की हे?"